गुडघ्याचा एसीएल: हॅमस्ट्रिंग घ्यावा की वाटीखालचा टेंडन?

(वडोदऱ्यातल्या मंडळींची चर्चा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग दिला आहे.)

दांडिया बाजार
लेक १९ वर्षांची, खो-खो खेळते. पळताना एकदम वळली, गुडघ्यात 'कट्' झालं आणि तासाभरात गुडघा सुजला. एमआरआय सांगतो, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. खेळ सोडायची तिची तयारी नाही, म्हणून दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय. एक डॉक्टर म्हणतात, तुटलेल्याच्या जागी मांडीमागचे दोन हॅमस्ट्रिंग टेंडन (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) काढून, घडी घालून बसवू. दुसरे म्हणतात, वाटीखालच्या टेंडनची मधली पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट घेऊ. माझं मत हॅमस्ट्रिंगकडे झुकतंय. आपण जमिनीवर बसणारी माणसं. पूजेला, पंगतीला, ओटल्यावर मांडी घालताना वाटीखाली दुखलं तर ते दुखणं जन्माचं.

फिजिओ, मांजलपूर
काका, मांडी घालणं वेगळं आणि गुडघे टेकणं वेगळं. पटेलर ग्राफ्टनंतर, म्हणजे वाटीखालचा टेंडन काढून बसवल्यावर, दुखतं ते टेकताना, कारण वाटीखालचा भाग फरशीवर दाबला जातो. मांडी घालताना तिथं वजन येत नाही. उलट गुडघा पूर्ण दुमडून जोर लावायचं काम हॅमस्ट्रिंगचं. वेगात थांबताना नडगीचं हाड पुढं सरकू न देणारा, म्हणजे एसीएलचा सोबती, तोही हाच स्नायू. खो-खोत बसल्या जागेवरून उठून झेप घ्यायची आणि मागची ताकदच कमी करायची, हे मला पटत नाही.

शिवाय हाडाला हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत धरतं, नुसत्या टेंडनला हाडाच्या बोगद्यात रुजायला जास्त वेळ लागतो. स्कँडिनेव्हियन देशांत अशा ऑपरेशनांच्या नोंदी ठेवतात. त्यांत हॅमस्ट्रिंगवाल्यांवर पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त आली. सडपातळ मुलींचे टेंडन बारीक निघतात, ही आणखी एक काळजी. कोवळ्या वयात ८ मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट नको.

रावपुरा
ताई, तुमचं शास्त्र बरोबर असेल, पण त्या गुडघ्यावर रोज मी उभा आहे. सहा वर्षांपूर्वी पटेलर केलं. गुडघा घट्ट आहे, एकदाही निसटला नाही, हे मान्य. पण साष्टांग नमस्काराला अजून उशी लागते. घरात दीड वर्षाचं बाळ आहे, त्याच्यामागे रांगता येत नाही. पोरगी खेळेल आणखी दहा वर्षं, त्यानंतरच्या पन्नास वर्षांचं काय?

आणि बारीक ग्राफ्टला उपाय आहे. हॅमस्ट्रिंगबरोबर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आधाराची एक पट्टी जोडतात. २०२० साली आलेल्या अभ्यासात १४ ते २५ वयाचे ६१८ जण होते. दोन वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं.

वाडी
स्वतःचं कापायचंच कशाला? दान केलेलं टेंडन मिळत असेल तर तेच बसवा.

फिजिओ, मांजलपूर
वाडीकर, खेळणाऱ्या तरुण मुलीला ते अजिबात नको. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत असे ग्राफ्ट स्वतःच्या टेंडनपेक्षा कितीतरी जास्त तुटलेले दिसले. पन्नाशीच्या माणसाचा हिशेब वेगळा.

रावपुरेकर, तुमचा त्रास मी खोटा म्हणत नाही. पण तो अभ्यास पट्टीसह हॅमस्ट्रिंग आणि पट्टीविना हॅमस्ट्रिंग यांच्यातला होता, पटेलरशी तुलना त्यात नव्हतीच. माझा विरोध १९व्या वर्षी पट्टीशिवायच्या बारीक हॅमस्ट्रिंगला आहे.

दांडिया बाजार
या बाहेरच्या पट्टीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणखी एक विचारतो. ऑपरेशन मार्चमध्ये केलं तर नवरात्रात सातवा महिना लागेल. ती म्हणते, गरब्याला जाणारच.

फिजिओ, मांजलपूर
ग्राफ्ट कुठलाही असो, नाही. फेरात पायावर गरकन वळणं म्हणजे त्याच लिगामेंटवर पीळ. वळणाच्या खेळांत नऊ महिन्यांपर्यंत जितकं थांबाल तितका पुन्हा तुटण्याचा धोका घटतो. त्यानंतरही दोन्ही मांड्यांची ताकद मोजूनच मैदानात सोडायचं.

रावपुरा
यावर मी ताईंच्या बाजूनं. मी आठव्या महिन्यात घाई केली होती, महिनाभर गुडघा सुजलेला होता.

दांडिया बाजार
गरब्याचं आज तिला सांगितलं, बराच वेळ रडली. सोमवारी पहिल्या डॉक्टरांकडे जातोय. हॅमस्ट्रिंगचं माप टेबलावर घेतल्यावरच कळतं म्हणतात, म्हणून ८ मिलिमीटरपेक्षा कमी निघालं तर ते पुढे काय करणार, हे सही करण्याआधी लिहून मागणार आहे.