आर्वो पॅर्ट यांचे शिक्षण आणि चरितार्थ

प्रश्न
माझी मुलगी सहा वर्षांपासून पियानो शिकते आहे. गेल्या महिन्यात तिने एस्टोनियाचे संगीतरचनाकार आर्वो पॅर्ट यांची ‘फ्युर अलिना’ ही छोटी रचना बसवली आणि तेव्हापासून तिला स्वतः रचना करण्याची ओढ लागली आहे. स्वरलिपीच्या पानावर बिनदांडीचे काळे ठिपके आणि पोकळ वर्तुळे एवढेच दिसते; इतके थोडे लिहिण्यासाठी त्यांनी कोणते शिक्षण घेतले, आणि रचना करून त्यांचे घर चालत होते का, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १
ताई, शिक्षण रीतसर झाले. १९३५ साली पाइदे येथे जन्मलेले पॅर्ट राक्वेरे गावी वाढले, सक्तीच्या लष्करी सेवेत बँडमध्ये ओबो (फुंकून वाजवायचे एक लाकडी वाद्य) आणि ढोल वाजवत होते, आणि पुढे टॅलिनच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, हाइनो एलर यांच्याकडे शिकून १९६३ मध्ये पदवीधर झाले. ‘नेक्रोलॉग’ (१९६०) ही त्यांची बारा स्वरांच्या पद्धतीची (सप्तकातील बाराही स्वरांना सारखे महत्त्व देणारी) वाद्यवृंदरचना सोव्हिएत अधिकाऱ्यांना रुचली नाही. १९६८ च्या ‘क्रेडो’त ख्रिस्तावरील श्रद्धेचा उघड उच्चार होता, तेव्हा त्या रचनेवर बंदीच आली.

माझ्या मते खरे शिक्षण त्यानंतर सुरू झाले. नाव झालेले असताना, तेहतिसाव्या वर्षी, या माणसाने मैफलीसाठी लिहिणे जवळजवळ थांबवले (१९७१ ची तिसरी सिंफनी हा मोठा अपवाद) आणि ग्रेगोरियन पठण (चर्चमधील जुने एकसुरावटीचे प्रार्थनागायन) व मध्ययुगीन बहुस्वरी गायन पहिल्यापासून अभ्यासायला घेतले. स्तोत्र वाचायचे आणि लगेच एकच सुरावट न थांबता कागदावर उतरवायची, अशा सरावाने त्यांनी वह्यांमागून वह्या भरल्या. ‘फ्युर अलिना’ १९७६ मध्ये आली ती या रियाजातून, म्हणून त्या पानावरचे थोडेपण मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद २
चरितार्थाविषयी थोडक्यात लिहितो. शिकत असतानाच ते एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाचे काम करू लागले आणि १९६७ पर्यंत ती नोकरी टिकली; चित्रपटांचे संगीतही त्यांनी पुष्कळ केले. १९८० मध्ये कुटुंबासह देश सोडून ते आधी व्हिएन्नाला आणि मग बर्लिनला गेले. ‘टाबुला रासा’ या त्यांच्या रचनेची ध्वनिमुद्रिका १९८४ मध्ये निघाली, म्हणजे जगभर नाव झाले ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

प्रतिसाद ३
मी ख्याल गाते, त्यामुळे मला त्यांच्या पद्धतीचे विशेष अप्रूप आहे. एक आवाज पायरीपायरीने चालतो आणि दुसरा मूळ स्वरसंघाच्या तीनच स्वरांवर राहून त्याला साथ देतो. लॅटिनमधील छोट्या घंटेच्या शब्दावरून पॅर्ट यांनी याला ‘टिंटिनाबुली’ म्हटले. तानपुरा जुळवून गाणाऱ्याला आपला प्रत्येक स्वर षड्जाशी ताडून पाहण्याची सवय असते, आणि इथेही कान तसाच जागा ठेवावा लागतो. ‘फ्युर अलिना’त साथीचा आवाज वाजवणारा डावा हात तीन स्वरांचा हा नियम फक्त एकदा मोडतो, आणि तिथे पॅर्ट यांनी स्वरलिपीत एक फूल काढले आहे. मुलीला ती जागा आधी नियम पाळून आणि मग लिहिल्याप्रमाणे, अशी दोन्ही प्रकारे वाजवून पाहायला सांगा.