मदत हवी आहे: आडनाव बदलल्यामुळे स्कोपसवर दोन प्रोफाइल झालेत, एकत्र कसे करायचे?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. माझ्या वहिनी विषशास्त्रात संशोधन करतात. चादरी-टॉवेलच्या रंगाईतून निघणाऱ्या सांडपाण्याचा माशांवर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. माशांच्या कल्ल्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलीत. आता प्राध्यापकपदासाठी अर्ज करायचाय आणि गाडी इथेच अडलीय.

लग्नाआधीचे शोधनिबंध माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं. त्यामुळे स्कोपसवर (शोधनिबंध आणि त्यांच्या सायटेशन्सची नोंद ठेवणारा डेटाबेस) त्या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. संशोधकाचं काम एच-इंडेक्सने मोजतात; एच-इंडेक्स १० म्हणजे किमान १० निबंधांना प्रत्येकी १० किंवा जास्त सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले संदर्भ. यादीच अशी विभागली गेली की दोन्हीकडे आकडा कमी भरतो. इतक्या वर्षांच्या कामाचं असं व्हावं, याचं फार वाईट वाटतं.

ऑर्किडचा (ORCID, संशोधकांची ऑनलाइन ओळख) १६ अंकी क्रमांक काढलाय, तो मोफत मिळतो आणि तिथे दोन्ही नावं नोंदवता येतात. गूगल स्कॉलरवर राहिलेले निबंध हाताने जोडले. प्रश्न स्कोपसचा आहे. प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती कुणी केलीय का? किती दिवस लागले? नाव बदलल्याचा पुरावा मागतात का?

आणखी एक, अर्जात एच-इंडेक्सचा आकडा कुठला द्यावा, स्कोपसचा की स्कॉलरचा? स्कॉलर प्रबंध वगैरेही धरतं, म्हणून तिथला जास्त येतो. मला तर दोन्ही आकडे स्रोतासह लिहावेत असं वाटतं. विद्यापीठात किंवा ग्रंथालयात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा, मुदत जवळ आलीय.