उलुरूला जाताना ऊडनाडाटा ट्रॅक घ्यावा का? सोबत आई-बाबा आहेत

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही मेलबर्नला असतो. पुण्याहून आई-बाबा आलेत, जुलैच्या सुट्टीत त्यांना गाडीने उलुरूला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या त्या प्रचंड लाल खडकाकडे, न्यायचं चाललंय. गाडी घरची, ऑल-व्हील-ड्राइव्ह, पण स्पेअर चाक ते बारकं, तात्पुरतं.

पोर्ट ऑगस्टापासून स्टुअर्ट हायवे, कूबर पीडीला जमिनीखालच्या खोलीत मुक्काम, पुढे अर्लडंडाला डावीकडे. सगळा डांबरी. ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी साधारण २५० किमी पेट्रोल नाही, तेवढं सोडलं तर चिंता नाही.

घोडं अडलंय ऊडनाडाटा ट्रॅकवर. मरी ते मार्ला, सुमारे ६२० किमी कच्चा रस्ता. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत आणि हा रस्ता जुन्या घान रेल्वेच्या कडेने जातो हे कळल्यापासून त्यांनी हट्टच धरलाय. १९८० साली बंद झालेली लाइन, पडकी स्टेशनं, अल्जेबकिनाचा १८९२ चा लोखंडी पूल. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून लाइन झऱ्यांच्या कडेकडेने नेली, हे रोज जेवताना ऐकतो. बायको म्हणते, "सत्तरीच्या माणसांना घेऊन तिथे टायर फुटला तर? फोनला रेंजही नाही." तिचंही खोटं नाही. बाबांचं इन्सुलिन आहे, ते गाडीतल्या फ्रिजमध्ये ठेवावं लागेल.

मरी ते विल्यम क्रीक आणि तिथून कूबर पीडी, असा अर्धाच ट्रॅक केला तर? सॅटेलाइट फोन घ्यावा की पीएलबी (संकटात बटण दाबून मदतीचा इशारा पाठवायचं छोटं यंत्र) पुरे? आणि आईचा प्रश्न: साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना लिंबं-मिरच्या काढून घेतात का?

प्रतिसाद १
अर्धाच करा. पण बारक्या स्पेअरवर नको, पूर्ण मापाचं चाक घ्याच, जमलं तर दोन. पीएलबीने संकटात आहात एवढंच कळतं, बोलता येत नाही. इन्सुलिन आहे म्हणताय तर फोन घ्या. पाऊस झाला की ट्रॅक बंद करतात, तेव्हा गाडी घातलीत तर जबर दंड. निघायच्या आदल्या दिवशी रस्त्यांची सरकारी साइट बघा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, कांगारू आडवे येतात. वाटेतलं कटी थांडा (लेक एअर) हे तळं काठावरून फारसं कळत नाही, विल्यम क्रीकहून विमानाने बघा.

लिंबं-मिरच्या हद्दीपलीकडे नेता येत नाहीत, तिकडेच विकत घ्या. मेतकूट, डाळ-तांदूळ खुशाल न्या. रात्री पारा शून्याखाली जातो, आईंना स्वेटर.

एक मात्र बाबांना आधीच सांगा: अल्जेबकिनाचा पूल विल्यम क्रीकच्या पुढे आहे, अर्ध्या ट्रॅकमध्ये येत नाही. कर्डिमर्काचं स्टेशन वाटेत लागेल.

धागाकर्ता
खूप आभार. पुलाचं सांगितलं. आता "मग ऊडनाडाटावरून सरळ मार्लालाच निघू" असा प्रस्ताव आलाय, बायको गप्प आहे. ॲडलेडला सॅटेलाइट फोन भाड्याने कुणी घेतलाय का? डिपॉझिट किती मागतात?