रिमोटच्या मॉडेल विमानाचं ५५ सीसीचं इंजिन काउलमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) तापून राहिलं, पुढची तोंडं मोठी कापू का?

कपाशीपट्टा
नमस्कार मंडळी. आर्वीजवळ आमच्या वावरातच पट्टी केली आहे, तिथं उडवतो. विमान एक्स्ट्रा ३००, ५५ सीसी पेट्रोल, सिंगल सिलिंडर, सिलिंडरचं डोकं खाली. पारा ४२ च्या वर गेला तेव्हापासून त्रास सुरू झाला, पहिले चार-पाच मिनिटं झकास चालते मग उभ्या चढाईत आवाज कोरडा होते, आरपीएम पडते, थ्रॉटल कमी करून सपाट फिरवलं की परत सुधरते. काल वळणावरच बंद पडलं, बाजूच्या नांगरलेल्या वावरात ढेकळांवर उतरवलं, चाकांचा गिअर वाचला एवढंच. काउलला पुढून तीन तोंडं आहेत, दोन गालावर आणि एक हनुवटीला सिलिंडरसमोर. ती मोठी कापली तर फरक पडेल का?

धुऱ्यावरचा पायलट
भाऊ, कापू नको. हवा जास्त आत घेतली म्हणजे इंजिन थंड होते असं नाई, हवा सिलिंडरच्या फिनच्या, म्हणजे थंड करायच्या पातळ पात्यांच्या, मधून गेली पायजे. तिले सोपी वाट भेटली की ती तिकूनच जाते. फवारणीचा पेट्रोल पंप पाह्य, सिलिंडरवर जे प्लास्टिकचं झाकण असते ते काढून चालवला तर पंखा तेवढाच फिरते पण इंजिन भाजून निघते, कारण हवा फिनमध्ये न जाता इकडंतिकडं उडून जाते. तुझ्या काउलमध्ये तेच होऊन राहिलं.
आता एक काम कर, हनुवटीच्या तोंडातून टॉर्च मारून आत पाह्य. सिलिंडरच्या आजूबाजूनं मागची फायरवॉल (इंजिन जिच्यावर बसवलं ती भिंत) जेवढी दिसते तेवढी हवा फुकट चालली. ती जागा बंद करायची. पहिले पुठ्ठ्याचा साचा काप, मंग त्यावरून दीड मिमी प्लाय. सिलिंडरच्या दोन्ही बाजूनं ३-४ मिमी फट ठेवजो, फिनले टेकू देऊ नको, नाहीतर व्हायब्रेशननं घासून दोन्ही जातीन. आन प्लाय नुसता समोर लावून थांबू नको. सिलिंडरची मागची बाजू सगळ्यात जास्त तापते, तिथं हवेची सावली असते. बाजूचे पत्रे मागपर्यंत वळव आन मधात फक्त एक उभी फट सोड, म्हणजे हवा चिकटून मागं जाईन. एका बाजूनं गार आन दुसऱ्या बाजूनं लाल असं झालं तर सिलिंडर वाकडा फुगते, पिस्टनच्या रिंगचं वाटोळं होते.

गरम_हवा_नागपूर
वरच्या भाऊंशी सहमत, पण निघायच्या वाटेचं कोणी बोललं नाही. हवा आत जाऊन तापली की पसरते, म्हणून बाहेर पडायची जागा आत यायच्या जागेच्या दुप्पट ते तिप्पट लागते. ती कमी असली तर काउल आतून भरून जातो आणि समोरची हवा तोंडावरूनच परत फिरते. तुमची तोंडं आणि मागची फट मोजून सांगा ना.

कपाशीपट्टा
मोजलं. गालावरची दोन्ही मिळून ६० चौरस सेमी, हनुवटी २५, मागं खालची फट ६०.

गरम_हवा_नागपूर
मग उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. आत ८५, बाहेर ६०, उलटं झालंय. गालावरची दोन्ही तोंडं आतून प्लाय लावून बंद करा, बाहेरून काळा रंग मारा म्हणजे दिसायला तशीच राहतील. उरलं २५ आत, ६० बाहेर, म्हणजे जवळपास अडीच पट, काउलला ब्लेडसुद्धा लावायची गरज नाही. जमलं तर मागच्या फटीच्या पुढच्या कडेला खाली झुकलेली एक छोटी पट्टी चिकटवा, तिच्या मागं दाब कमी होतो आणि गरम हवा ओढली जाते. मफलरजवळ मात्र प्लाय नको, तिथं पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.
फरक मोजायचा तर उतरल्या उतरल्या इन्फ्रारेड गन मारा, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती कमी दाखवते, एका फिनवर उष्णतेला टिकणारा काळा ठिपका द्या आणि दर वेळी तिथंच मारा.

मिक्श्चर_पाह्य
काउल काढून जमिनीवर चालवून पाहिलं का? तेव्हा बरोबर आणि काउल लावून हवेत बिघडत असेल तर कार्ब म्हणजे कार्ब्युरेटरकडे पण पाहा. त्यातल्या डायफ्रामच्या (पातळ पडद्याच्या) झाकणाला बारीक छिद्र असते, काउलमधला दाब बदलला की त्याच्यामुळे मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) वरखाली होते. त्या छिद्रावर बारीक पितळी नळी बसवून ट्यूब फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात), हवा शांत असते तिथं नेऊन सोडायची.
दुसरं, कार्बची सुई आता लगेच जास्त लीन (पेट्रोल कमी) करू नका. उन्हाळ्यात हवा पातळ असते म्हणून इंजिन आपोआप रिच (पेट्रोल जास्त) चालते, आता बारीक करून ठेवली आणि डिसेंबरच्या सकाळी तशीच उडवली तर लीन होऊन जळते. ऑइल ४० ला १ म्हणजे लिटरला २५ मिली, त्याच्या खाली जाऊ नका. आणि फिनमध्ये ऑइल आणि काळ्या मातीची धूळ मिळून गिलावा बसते, तो पेट्रोल आणि जुन्या टूथब्रशनं काढून टाका, इंजिन थंड असताना.

कपाशीपट्टा
काउल काढून जमिनीवर एकदम गोड चालते, म्हणजे दोन्ही पाहावं लागन. फिनमध्ये खरंच माती आहे, मागच्या बाजूनं तर फट बुजलीच आहे. आज साफ करतो, गालं बंद करतो, पुठ्ठा कापूनच बसलो. कार्बला हात नंतर लावतो, एकदम दोन गोष्टी बदलल्या तर कशानं फरक पडला ते समजणार नाही.

धुऱ्यावरचा पायलट
बरोबर. आन दुपारी नको उडवू, सकाळी आठच्या आत पाह्यजो, पहिलं उड्डाण तीन मिनिटाचंच करून उतरव आन गन मार.