सिग्नलला गाडीचे इंजिन तापते. घरी काय तपासावे?

प्रश्न: माझी जुनी पेट्रोल गाडी महामार्गावर व्यवस्थित चालते, मात्र सिग्नलच्या गर्दीत दहा मिनिटे खोळंबली की तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो. कूलंटही (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आठवड्यात बोटभर उतरले, म्हणून मी नळाचे पाणी भरले. घरी काय तपासता येईल?

उत्तर १: वेगात थंड राहणारी गाडी उभी असताना तापत असेल, तर पहिला संशय रेडिएटरच्या (कूलंट थंड करणाऱ्या जाळीच्या) पंख्यावर घ्यावा, कारण धावताना वारा जे काम करतो ते थांबल्यावर पंख्यालाच करावे लागते. इंजिन चालू ठेवून एसी लावा; बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. न फिरल्यास फ्यूज पाहा, मग रिलेच्या (पंख्याला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) जागी त्याच क्रमांकाचा दुसरा लावून पाहा.

उत्तर २: पंख्यातला दोष सापडला तरी उतरलेल्या कूलंटकडे दुर्लक्ष करू नका. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कृपया मुळीच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते आणि दाब सुटताच उसळून चेहरा भाजतो. सकाळी थंड इंजिनावर होजचे (कूलंटच्या रबरी नळ्यांचे) सांधे गळतात का ते बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली आणि कूलंटही घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधले सील) फुटल्याची शंका घेऊन गाडी टो करूनच न्या. नळाच्या पाण्याने क्षार साचतात. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड पाणी वापरा.

प्रश्नकर्ता: रिले बदलताच पंखा फिरला. वरच्या होजच्या क्लिपखाली हिरवट पांढरी पुटे दिसली, म्हणजे गळती तिथेच असावी. क्लिप नवीन बसवली आहे. ऑइल स्वच्छ आहे. नळाचे पाणी काढून योग्य कूलंट रविवारी भरतो.