मदत हवी आहे : मोजणीची खूण आणि जुना गडगा यांत तफावत

नमस्कार. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या वडिलोपार्जित काजूच्या बागेच्या हद्दीबाबत अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. आमची बाग आणि शेजारच्या काकांची जमीन यांच्यामध्ये आजोबांच्या काळापासून दगडी गडगा आहे. काकांनी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेतली, तेव्हा भूकरमापकांनी दाखवलेल्या खुणा गडग्याच्या आत, आमच्या बाजूला सुमारे चार फूट आल्या. आता त्या खुणांवर तारेचे कुंपण घालण्याचा त्यांचा विचार आहे. त्या पट्ट्यात आमची फळती झाडे आहेत, आणि खरे सांगायचे तर जमिनीपेक्षा जीव त्यांतच अधिक अडकला आहे.

मोजणीची नोटीस आम्हाला मिळाली होती व घरातले उपस्थितही होते. मात्र ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, अद्याप हाती आलेली नाही. ही मोजणी मान्य नसल्यास निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून फेरमोजणी, मागता येते, एवढे ठाऊक आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट महसूल अधिकारी विचारात घेतात, की त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते? तोवर कुंपण थांबवण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करून उपयोग होतो का? काकांशी बोलणे अजून सुरू आहे, त्यामुळे झाडे राखून हद्द मान्य करण्याचा लेखी समझोता कोणी केला असेल, तर त्याची नोंदणी आवश्यक असते का, हेही कृपया सांगावे.