जबाबदारीचा उपदेश कोणी कोणाला करायचा?

ओसरी
गेल्या आठवड्यात आपल्या या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले, "आम्ही दोन बॅगा घेऊन अमेरिकेत आलो आणि पंधरा वर्षांत स्वतःचे घर केले. कृष्णवर्णीय पिढ्यान्‌पिढ्या येथेच आहेत, तरी त्यांचे रडगाणे संपत नाही, कारण जबाबदारी घ्यायची त्यांची तयारी नाही." त्याखाली पडलेले होकार वाचून मला स्वस्थ बसवले नाही.

अटलांटाजवळच्या एका प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षे काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कृष्णवर्णीय बाई आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला दुकानात पाठवताना तीन गोष्टी बजावतात: डोक्यावर टोपी ओढू नकोस, खिशात हात घालू नकोस आणि साधे च्युइंगगम घेतलेस तरी पावती हातात धरूनच बाहेर पड. माझ्या मुलाला असे काही शिकवण्याची वेळ माझ्यावर कधीच आली नाही. या दोन घरांपैकी जबाबदारीचे धडे कोणत्या घरी अधिक कडक आहेत, हे होकार देणाऱ्यांनी मला सांगावे.

सह्याद्रीपुत्र
ताई, आपल्या मैत्रिणीबद्दल मला आदर आहे, परंतु हा उपदेश आम्ही शोधून काढलेला नाही. कृष्णवर्णीय विनोदी अभिनेते बिल कॉस्बी यांनी 2004 मध्ये वॉशिंग्टनमध्ये, शाळांतील वर्णभेद रद्द करणाऱ्या निकालाच्या पन्नाशीनिमित्त, स्वतःच्याच समाजातील पालकांना खडसावले होते. ओबामांनी 2008 मध्ये पितृदिनी शिकागोच्या चर्चमध्ये घर सोडून गेलेल्या बापांना जाहीरपणे जाब विचारला. कृष्णवर्णीय कुटुंबांवरील 1965 च्या सरकारी मॉयनिहान अहवालाच्या वेळी कृष्णवर्णीयांमध्ये विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते, आज ते 70 टक्क्यांच्या आसपास आहे. भेदभावाचे कायदे तर 1965 पूर्वी अधिक जाचक होते. मग कुटुंबे नंतर का विस्कटली?

मी 1993 साली न्यू जर्सीत पेट्रोल पंपावर रात्रपाळी करत असताना दोन मुलांनी पिस्तूल रोखून गल्ला नेला. त्या रात्रीची भीती मला कोणी पुस्तकातून शिकवलेली नाही.

ओसरी
आपल्यावर ओढवलेला प्रसंग भयंकर होता. मात्र पिस्तूल रोखणारी दोन मुले म्हणजे एक समाज नव्हे, आणि पावती हातात धरून चालणारा तो सोळा वर्षांचा मुलगा त्या दोघांच्या वाट्याचा संशय आजही वाहतो आहे. ओबामांनी त्याच भाषणात शाळांसाठी पैसा आणि अधिक रोजगारही मागितला होता. तो अर्धा भाग आपण का वगळता?

विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला बाप नसतोच, हेही आपण गृहीत धरले आहे. 2013 च्या सरकारी आरोग्य अहवालात, मुलांबरोबर राहणारे कृष्णवर्णीय वडील मुलांना आंघोळ घालणे, जेवू घालणे, अभ्यास घेणे यांत इतर वडिलांच्या मागे नाहीत, असेच आढळले. 1965 नंतर काय घडले, असे आपण विचारता. शहरांतले कारखाने गेले, आणि 1986 च्या कायद्याने 5 ग्रॅम क्रॅकसाठी, म्हणजे कृष्णवर्णीय वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या स्वस्त कोकेनसाठी, तीच किमान पाच वर्षांची कैद ठरवली, जी कोकेनच्या भुकटीसाठी 500 ग्रॅमला होती. बाप घरातून कोठे गेले, याच्या उत्तराचा एक भाग तुरुंगांत आहे.

वाटसरू
मला त्या दोन बॅगांविषयी बोलायचे आहे. माझे वडील 1971 मध्ये आठ डॉलर घेऊन आले, परंतु त्यांच्याजवळ सरकारी महाविद्यालयात नाममात्र शुल्कात मिळालेली अभियांत्रिकीची पदवी होती. 1965 च्या स्थलांतर कायद्याने शिकलेल्यांना निवडून आत घेतले, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या वातावरणातच संमत झाला. निवडून आणलेल्या माणसाने न निवडलेल्या समाजाशी स्वतःची तुलना करणे मला अप्रामाणिक वाटते.

सह्याद्रीपुत्र
अप्रामाणिक हा शब्द मागे घ्या. मी पदवी घेऊन आलो नव्हतो, पंप पुसत होतो! माझ्या बायकोने बारा वर्षे इतरांची मुले सांभाळली. आमच्या कष्टांचे श्रेय एखाद्या कायद्याला देऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

नागपूरकर
हाच वाद आमच्या घरी मराठीत झाला आहे. "तुम्ही स्वच्छ राहा, दारू सोडा, मग बघू," हे माझ्या आजोबांना गावातल्या प्रत्येक ओट्यावर ऐकावे लागे. बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला आपल्या लोकांना मृत जनावरांचे मांस सोडण्यास बजावले, आणि त्याच परिषदेतून उठून ते चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले. ओट्यावरच्या मंडळींना त्यातला पहिलाच भाग आवडत असे. जोतीरावांनी 1873 मध्ये आपले पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले, 1972 मध्ये मुंबईच्या तरुणांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर्स संघटनेवरून 'दलित पँथर' हे नाव घेतले. आणि आज तेथे गेलेले आमचेच लोक त्या ओट्यावर जाऊन बसले आहेत, याचे मला दुःख होते.

सह्याद्रीपुत्र
महाडचा दाखला मला खोडता येत नाही. 'रडगाणे' हा शब्द मूळ लेखकाने वापरायला नको होता, एवढे मान्य करतो. 70 टक्क्यांविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही. आई-वडील एकत्र असलेल्या घराला पर्याय नाही असे मी मानतो, आणि हे मी माझ्या मुलांनाही सांगतो. परंतु वाटसरू यांनी माझ्या कष्टांबद्दल क्षमा मागावी.

वाटसरू
आपल्या कष्टांना मी कमी लेखले असल्यास क्षमा मागतो. तुलनेविषयीचा शब्द मागे घेणार नाही. आमच्या घराच्या 1940 च्या दशकातील खरेदीखतात एक कलम आहे: गोऱ्यांखेरीज कोणालाही, नोकर सोडून, येथे राहता येणार नाही. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे निष्प्रभ केली, पण घर नाकारणे बेकायदा ठरायला 1968 उजाडले. वडिलांनी ते घर 1974 मध्ये घेतले. 1968 पूर्वीच्या मोर्चांत आमच्या घरचे कोणी नव्हते, घरांच्या हक्कासाठी शिकागोत मोर्चा काढून दगड खाणारे कोण होते हे आपणही जाणता.